छोट्या कुत्र्याला च्यू द्यायचाय? आधी शेवटच्या तुकड्याचा विचार करा

पपी घरी आलं की दोन-तीन दिवसात सोफ्याचा पाय, चपलेचे पट्टे, चार्जरची वायर आणि आपली बोटं असं सगळं त्याच्या तोंडात जायला लागतं, मग आपण वैतागून पेट शॉपमध्ये जातो आणि दुकानवाला दादा एक पांढरं गाठीवालं हाड हातात ठेवतो, "हे द्या, गप बसेल." आम्हीही तेच केलं. आमची बुंदी, शिह त्झू, तेव्हा साडेचार महिन्यांची आणि जेमतेम अडीच किलोची. तिने ते हाड तीन दिवस मजेत चघळलं, आम्ही खूश, आणि तिसऱ्या रात्री मी भांडी आवरत होते तेवढ्यात उरलेली मऊ पडलेली गाठ अख्खी गिळून मोकळी झाली. घशात अडकली नाही हे नशीब. पण रात्रभर ओकाऱ्या, पाणीसुद्धा टिकेना, सकाळी डॉक्टरकडे सलाईन, सोनोग्राफी, आणि दुसऱ्या दिवशी ती गाठ फुगून सुपारीच्या दुप्पट होऊन ओकारीतून बाहेर आली. ऑपरेशन थोडक्यात टळलं.

डॉक्टर मला म्हणाले, हाड कुठल्या कंपनीचं ते राहू दे, शेवटचा तुकडा तिच्या तोंडात होता तेव्हा तुम्ही कुठे होता ते सांगा. तेव्हा राग आला होता, आता पटतं. च्यू, म्हणजे कुत्र्याला चघळायला द्यायची वस्तू, सेफ आहे का हा प्रश्न सगळे दुकानात विचारतात, पण त्याचं अर्धं उत्तर घरी आपल्यासमोर असतं. तर नवीन लोकांसाठी आम्ही आता जसं करतो तसं सांगते.

पायरी १ : आधी तोंड उघडून दात बघा

वय महिन्यात मोजण्यापेक्षा दात बघणं सोपं. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, सुईसारखे टोकदार आणि पातळ. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात म्हणून ते सगळं चावत सुटतं, खेळण्यावर थोडं रक्त दिसलं किंवा फरशीवर तांदळाएवढा दात सापडला तर घाबरू नका, बहुतेक दात तर ते गिळूनच टाकतात.

दुधाचे दात असताना कडक काही म्हणजे काही द्यायचं नाही. दात अर्धा तुटून मूळ आत राहिलं तर इन्फेक्शन होतं आणि खालून येणारा पक्का दातही बिघडू शकतो. छोट्या जातींमध्ये अजून एक भानगड असते, पॉमेरेनियन, शिह त्झू, चिवावा, माल्टीज यांचे दुधाचे सुळे बऱ्याचदा पडतच नाहीत आणि नवा सुळा त्याच्या शेजारीच उगवतो. एकाच जागी दोन सुळे दिसले तर डॉक्टरला दाखवा. हाडूक चावायला दिलं की पडेल आपोआप, हा सल्ला मला तीन जणांनी दिला होता, ऐकू नका.

पग आणि शिह त्झू वाल्यांनी जास्तच जपायचं. चपटं नाक, श्वासाची आधीच बोंब, आणि चावण्यापेक्षा गिळण्याकडे कल.

पायरी २ : नखाची टेस्ट

हे दुकानात उभ्या उभ्या करता येतं. च्यूवर अंगठ्याचं नख जोरात दाबा. जरासा तरी खड्डा पडला, थोडं वाकलं तर ठीक. नखच दुखलं तर ते तुमच्या कुत्र्याच्या दाताला पण दुखणार. दुसरी टेस्ट म्हणजे ही वस्तू कोणी तुमच्या गुडघ्याच्या वाटीवर मारली तर चालेल का, असा विचार करा. नाही चालणार ना, मग ठेवा परत.

कुत्र्याचा वरच्या बाजूचा मोठा दाढेसारखा दात कडक वस्तू चावताना उभा चिरतो, वरून पापुद्रा निघाल्यासारखा. कुत्रं जेवत राहतं, शेपूट हलवत राहतं, म्हणून आपल्याला महिनोन्महिने कळत नाही आणि एक दिवस डोळ्याखाली गाल सुजतो. मग भूल देऊन दात काढणं नाहीतर रूट कॅनाल. त्यामुळे म्हशीचं शिंग, गुराचं खूर, नळीचं वाळवलेलं हाड, कडक नायलॉनचं हाड हे सगळं छोट्या कुत्र्यासाठी बाद. हरणाचं शिंग कोणी 'नॅचरल च्यू' म्हणून दाखवलं तर अजून एक लक्षात ठेवा, आपल्याकडच्या चितळ-सांबराच्या शिंगांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली चालत नाही. म्हणजे दातही जाणार आणि वर ते लफडं.

पायरी ३ : साईझ

च्यू अख्खा तोंडात मावता कामा नये, बस. पाकिटावर 'स्मॉल' लिहिलंय म्हणून छोटा घेऊ नका, छोट्या कुत्र्याला लांब च्यू द्यायचा, निदान त्याच्या थोबाडापेक्षा चांगला लांब, म्हणजे पंजात धरून एका टोकाने चावेल. गोल काहीच नको, गोळा घशात बुचासारखा बसतो.

पायरी ४ : दुकानात काय काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यायचं

इथे जरा वेळ काढून वाचा कारण पैसे इथेच वाया जातात.

पांढरं गाठीवालं हाड, म्हणजे रॉहाइड. ते हाड नसतंच. गाई-म्हशीच्या कातड्याचा आतला थर, कातडी कमावण्याच्या धंद्यातून उरलेला, चुन्याने केस काढून, धुऊन, बरेचदा ब्लीच करून वाळवलेला. पोटात हळूहळू पचतं, ओलं झालं की फुगतं आणि चिवट होतं. मोठं कुत्रं तुकडे पाडून कदाचित निभावून नेईल, तीन किलोच्या कुत्र्याचं आतडं केवढंसं असतं विचार करा. पिल्लांना आणि छोट्या कुत्र्यांना मी रॉहाइड देत नाही, कोणी दिलं तर काढून घेते, माझ्यापुरता विषय बंद.

त्याचाच चुलत भाऊ म्हणजे त्या रंगीत मंची काड्या, पाच-दहा रुपयाला एक किंवा किलोवर मिळतात. कातड्याचा भुगा दाबून त्यात रंग आणि वास घातलेला असतो. गाठीपेक्षा लवकर विरघळतात हे खरं पण सुट्या मिळतात, त्यावर ना घटक लिहिलेले ना तारीख. ज्यावर काही लिहिलेलंच नाही ते कुत्र्याला द्यायचं नाही असा आमच्या घरी नियम आहे.

चुरपी, म्हणजे तो याक चीजचा पिवळसर दांडका. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे माणसंच हे चघळतात, याक किंवा गाईच्या दुधाचं पनीरासारखं करून दाबून वाळवायचं, धुरावर सुकवायचं. माल चांगला आहे, फार काही घातलेलं नसतं, वास येत नाही, पण नखाच्या टेस्टमध्ये सपशेल नापास होतो. म्हणून दुधाचे दात असेपर्यंत नाही. पुढेही जोरात चावणारं कुत्रं असेल तर नकोच, बुंदीसारखं चाटत बसणारं असेल तर चालतं. याची एक गंमत म्हणजे शेवटचा तुकडा टाकावा लागत नाही, थोडा वेळ पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये अर्धा-पाऊण मिनिट ठेवला की पापडासारखा फुलतो. पूर्ण गार होऊ द्या, आतून चांगलाच गरम असतो, मग मोडून द्या. असेच फुलवलेले मऊ तुकडे पिल्लांसाठी तयार पण मिळतात, ते बरे.

डेंटल स्टिक, म्हणजे दात साफ व्हावेत म्हणून चघळायला द्यायची काडी. पाकिटावर वजन आणि वय दोन्ही लिहिलेलं असतं आणि ते शोभेला नसतं. काही चार महिन्यांखाली नको म्हणतात, काही सहा महिन्यांखाली, काहींवर कमीत कमी वजन पण असतं. अमेरिकेत व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल म्हणून संस्था आहे, १९९७ पासूनची, ती टेस्टचे रिझल्ट बघून आपला शिक्का देते, तो असेल तर दातावरची घाण कमी होते याला काहीतरी आधार आहे असं समजायचं. पण शिक्का आहे म्हणून घशात अडकणार नाही असं अजिबात नाही, तो दातांच्या सफाईचा शिक्का आहे. आणि तुमचं कुत्रं दोन घासात स्टिक संपवत असेल तर दात काय घंटा साफ होणार.

वाळवलेले कोंबडीचे पाय, बोकडाचे कान, डुकराचे कान, हा प्रकार हल्ली ऑनलाइन खूप दिसतो. कुत्र्यांना वेड लागतं. अडचण जंतूंची आहे, २०१९ मध्ये अमेरिकेत डुकराच्या कानांमुळे दीडशेच्या वर माणसांना साल्मोनेला, म्हणजे जुलाब-तापाचा जंतुसंसर्ग, झाला होता, कुत्र्यांना नाही, माणसांना. घरात लहान मूल रांगतंय किंवा आजी-आजोबा आहेत आणि पिल्लू तोच कान गादीवर घेऊन बसतंय, असं असेल तर नका आणू. आणलंच तर नंतर साबणाने हात धुवा आणि जिथे बसून खाल्लं ती जागा पण पुसा.

मग पिल्लाला द्यायचं काय? माझं उत्तर आहे रबराचं पोकळ खेळणं, त्यातही पपी असं लिहिलेलं, ते मऊ रबराचं असतं. त्यात साखर-मीठ न घातलेलं दही, उकडलेला लाल भोपळा, दहीभाताचा गोळा किंवा त्याचंच भिजवलेलं किबल (दाणेदार कोरडं खाणं) भरायचं आणि तास-दोन तास फ्रीजरमध्ये ठेवायचं. थंडपणामुळे हिरड्यांना बरं वाटतं, पंधरा-वीस मिनिटं शांतता, आणि गिळण्यासारखा तुकडा सहसा निघत नाही. पीनट बटर भरणार असाल तर डब्याची मागची बाजू वाचा, झायलिटॉल किंवा ई ९६७ लिहिलेलं असेल तर तो डबा कुत्र्याच्या जवळपासही नको, साखरेऐवजी घालतात ते, माणसाला चालतं पण कुत्र्याची शुगर धाडकन खाली येते आणि लिव्हरवर पण जातं.

सुती रुमाल भिजवून, पिळून, गाठ मारून गोठवलेला, हा फुकटातला उपाय. धागे सुटायला लागले की फेकायचा, धागा पोटात गेला तर आतड्याची चुणी करतो. गाजर पण लोक देतात, जाड अख्खं आणि गोठवलेलं ठीक, समोर बसून. गाजराच्या चकत्या मात्र पिल्लाला देऊ नका, त्या मापाच्या झाकणासारख्या बसतात.

पायरी ५ : घरच्या हाडांचं काय

आता खरा वाद. "आमच्या गावाकडची कुत्री आयुष्यभर हाडं खाऊन जगली," हे आमच्या सासूबाईंचं वाक्य, आणि त्यांच्या माहेरी खरंच तसंच होतं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, एवढंच म्हणते की आई, ती कुत्री वीस किलोची होती, आणि ज्यांना बाधलं ती बांधाकडेला जाऊन मेली ती कोणी मोजली नाहीत.

शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या काचेसारख्या सळया निघतात, कोंबडीचं तर विचारूच नका. कुकरमध्ये चार शिट्ट्या झालेलं मटणाचं हाड मऊ लागतं म्हणून सेफ वाटतं, पण त्यावर कांदा-लसणाचा रस्सा असतो, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट. नळीची गोल कडी छोट्या कुत्र्याच्या खालच्या जबड्यात सुळ्यांमागे जाऊन अडकते, मग कापून काढावी लागते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, २०१७ मध्ये तर दुकानातल्या भाजलेल्या-धुरी दिलेल्या पॅकबंद हाडांबद्दलही लोकांना सावध केलं होतं, कुत्री मेल्याच्याही तक्रारी आल्या होत्या. कच्चं हाड चालतं म्हणणारे बरेच आहेत, मोठ्या कुत्र्यांबद्दल ते त्यांचं बघतील, पण लसी पूर्ण न झालेल्या दोन-अडीच किलोच्या पिल्लाला कच्चं हाड द्यायला माझं मन होत नाही.

आणि हाडांपेक्षा डेंजर दोन गोष्टी ज्यांच्याकडे आपलं लक्षच नसतं. पावसाळ्यात भाजलेलं कणीस खाऊन झालं की उरलेलं बुरकुंड, आणि मे महिन्यात आंब्याची कोय. दोन्हीला गोड-खारट चव, दोन्ही पचत नाहीत, आणि दोन्ही आतड्यात घट्ट बसतात. गटारीला आणि आंब्याच्या सीझनला आमच्याकडे कचऱ्याच्या डब्याला झाकण आणि झाकणावर पाटा असतो, हसा खुशाल.

पायरी ६ : किती द्यायचं

पटकन सांगते. खाऊ-बिऊ सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत. तीन किलोच्या मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण अडीचशे कॅलरी लागतात, म्हणजे खाऊचं बजेट पंचवीस. एक पार्ले-जी बिस्किट म्हणजे जवळपास तेवढंच! आजोबा सकाळच्या चहाला एक देतात, मुलगा शाळेतून आल्यावर एक, त्यावर डेंटल स्टिक, आणि मग आपण म्हणतो जेवत का नाही हा. खारी-टोस्ट तर चावायला म्हणून पण देऊ नका, खारीत नुसतं तूप-डालडा असतो, छोट्या कुत्र्यांचं पोट त्याने जाम बिघडतं.

पायरी ७ : 'सोड' शिकवा, च्यू आणायच्या आधी

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच सगळे गाळतात. कुत्र्याने काही नको ते तोंडात घेतलं की आपण काय करतो, "ए ए ए" ओरडत मागे धावतो आणि जबड्यात बोटं घालतो. त्याच्या डोक्यात एवढंच जातं की ही बाई माझं हिसकावून घेणार, मग पटकन गिळलेलं बरं. बुंदीचं तेच झालं होतं, मी हातातली कढई टाकून धावले आणि तिने गटकन गिळलं.

त्यापेक्षा अदलाबदल. ज्या खेळण्यात तिला फार रस नाही ते तोंडात असताना नाकासमोर पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा धरा. तोंड उघडलं की 'सोड' म्हणा, तुकडा द्या, आणि मुख्य म्हणजे खेळणं परत तिलाच द्या. दिवसातून पाच-सहा वेळा, आठवडाभर. सोडलं की जास्त मिळतं हे एकदा डोक्यात बसलं की मग च्यूवर करा. आधी शब्द आणि मगच तुकडा दाखवायचा, असा क्रम आठवड्यानंतर लावायचा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा, आमच्याकडे मुलगा 'लीव्ह इट', नवरा 'थूक' आणि मी 'सोड', बिचारी पंधरा दिवस नुसती आमची तोंडं बघत होती.

पायरी ८ : पहिल्यांदा देताना

जेवण झाल्यावर द्या, उपाशीपोटी दिलं की वखवखून गिळतं. तुम्ही खाली बसा, मोबाईल लांब. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग 'सोड' करून काढून घ्या, धुऊन पुसून फ्रीजमध्ये. दोन कुत्री असतील तर वेगळ्या खोलीत, नाहीतर दुसरा घेईल या भीतीने दोघंही गिळतात. एकटं सोडून ऑफिसला जाताना च्यू ठेवून जायचा नाही, कामाच्या मावशींना पण सांगून ठेवा. ते रबराचं खेळणं ठेवलं तरी आधी निदान आठवडाभर समोर बघा की रबराचे लचके तोडत नाही ना.

आणि शेवटचा तुकडा. च्यू बोटाच्या दोन पेरांएवढा उरला, किंवा मऊ होऊन मुडपायला लागला, की संपला. वीस-तीस रुपयांचा तुकडा टाकायला जीवावर येतं, मला पण येतं, पण माझ्या तीन किलोच्या कुत्रीच्या आतड्यापुढे तीस रुपये काय.

दुसऱ्या दिवशी शी बघा. पातळ असेल, आव असेल, न पचलेले मोठे तुकडे असतील तर तो च्यू बंद. दोन नवीन प्रकार एकाच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर बाधलं कशाने तेच कळत नाही.

पायरी ९ : अडकलंच तर

खोकतंय, घशातून आवाज येतोय, म्हणजे हवा जातेय, त्याला खोकू द्या, मध्ये पडू नका. आवाज बंद, पंजाने तोंड खाजवतंय, हिरड्या निळसर, मग वेळ नाही. तोंड उघडा, वस्तू दिसत असेल तरच बोटाने बाजूने ओढा, अंदाजाने बोटं खुपसली तर ती अजून आत जाते. दिसत नसेल तर छोट्या कुत्र्याला मागच्या बाजूने उचलून डोकं खाली करा आणि खांद्यांच्या मध्ये तळहाताने थापटा. नाही निघालं तर पाठ तुमच्या पोटाला टेकवून धरा, फासळ्यांच्या बरोबर खाली मुठीने आत आणि वर असे चार-पाच झटके द्या, वजन बघून, तीन किलोला तीन किलोइतकाच जोर. हे रिक्षात बसल्या बसल्या पण चालू ठेवा. निघालं तरी डॉक्टरला दाखवा, घसा आतून सुजलेला असू शकतो.

पोटात अडकलं असेल तर ते हळूहळू कळतं. पुन्हा पुन्हा ओकारी, पाणी पण बाहेर, शी नाही किंवा नुसतं कुंथणं, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय खाली आणि मागचा भाग वर असं नमस्कारासारखं ताणून राहणं. मोठ्या कुत्र्यात लोक एक दिवस थांबून बघतात, पिल्लात थांबू नका, पाणी कमी होणं आणि शुगर पडणं दोन्ही काही तासात होतं. मीठपाणी पाजून ओकायला लावणं हा घरगुती उपाय करायचा नाही, मिठाचंच विष होतं. तोंडातून किंवा मागून दोरा लटकताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच घेऊन जायचं.

रात्री अकरा वाजता उघडा असलेला डॉक्टर तेव्हा शोधायचा नसतो, आजच शोधा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल रिक्षा-टॅक्सीवाल्यांना सुद्धा माहीत असतं, बाकी ठिकाणी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला सरळ विचारा की रात्री तुमच्याकडे काही झालं तर आम्ही कुठे जायचं, आणि तो नंबर फ्रीजवर चिकटवा, फक्त तुमच्या मोबाईलमध्ये नको. निघताना च्यूचं पाकीट आणि उरलेला तुकडा पिशवीत घ्या, कारण रॉहाइडसारख्या गोष्टी एक्स-रेमध्ये नीट दिसत नाहीत आणि पहिला प्रश्न हाच येतो की काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि केवढं होतं.